छापखान्याचे यंत्र आणि पुठ्ठ्याची पेटी

रायपूरच्या पंडरी भागात कापडाचा मोठा घाऊक बाजार आहे. छत्तीसगढातील दूरदूरच्या गावांचे दुकानदार तेथे येतात, भाव करतात, गठ्ठे बांधून घेतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. पंडरी हे नाव कानी पडले की मराठी माणसाच्या मनात प्रथम पंढरीच उभी राहते. परंतु छत्तीसगढी बोलीत 'पंडरा' म्हणजे आपला पांढरा आणि 'पंडरी' म्हणजे पांढरी. त्या वस्तीचे नाव यावरूनच पडले असा माझा आग्रह नाही. भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे ज्या मुलखात नांदत आली, तेथील भाषा आपल्याला अगदीच परकी नाही, एवढेच सुचवावयाचे आहे.

श्रोतेहो, आज मी कापडाविषयी बोलणार नाही. कापड ज्या पेटीतून घरी येते त्या पुठ्ठ्याच्या पेटीविषयी बोलणार आहे. साडी आपण पेटीतून काढतो, पदर पाहतो, काठ पाहतो, आणि पेटी बाजूला भिरकावून देतो. फार तर तीत बांगड्या किंवा जुनी पत्रे ठेवतो. पण ती पेटी क्षणभर उलगडून पाहावी. सपाट पुठ्ठ्याचा एक विचित्र आकाराचा तुकडा आपल्यासमोर पडतो. त्याच्या कडा कापलेल्या, घड्यांच्या जागी रेषा दाबलेल्या, कोपऱ्यांना जिभा आणि त्या जिभा अडकवावयास खाचा. हे सारे कापणे आणि दुमडरेषा दाबणे एकाच दाबात झालेले असते. लाकडी फळीत पोलादी पट्ट्या हव्या त्या आकारात बसवितात. काही पट्ट्या धारदार असतात, त्या कापतात. काही बोथट असतात, त्या फक्त घडीची रेषा उमटवितात. या फळीला धंद्यात 'डाय' म्हणतात, आणि तिच्यावर पुठ्ठा दाबण्याच्या कामाला 'पंचिंग'.

हा धंदा नव्याने सुरू करणारा माणूस बहुधा नवे यंत्र घेत नाही. तेवढे भांडवल त्याच्यापाशी नसते. कोठे छापखाना मोडीत निघाला आहे, कोठे मोठ्या कारखान्याने नवे यंत्र आणल्यामुळे जुने कोपऱ्यात उभे आहे, अशी बातमी लागली की तो पाहावयास जातो. जुने यंत्र विकत घेणे ही गोष्ट आपण कनिष्ठ मानतो. ती नाइलाजाची खूण समजतो. आपल्या उद्योगाचा आणि मुद्रणाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. पुठ्ठ्याची पेटी कापणारे यंत्र स्वतःच एका जुन्या यंत्रातून जन्मले आहे, आणि ज्या छापखान्यांनी महाराष्ट्राची वाणी घडविली त्यांपैकी एका नामवंत छापखान्याचा आरंभ दुसऱ्याच्या वापरलेल्या सामानावर झाला.

प्रथम पुण्याकडे वळू. 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्या तरुण मंडळींनी दोन वर्तमानपत्रे काढण्याचे ठरविले. विचार होता, लेखणी होती, विष्णुशास्त्री चिपळूणकरांसारखा गद्यकार होता. नव्हता तो छापखाना. केशव बल्लाळ साठे या गृहस्थांचा एक छापखाना होता. तो या मंडळींनी हप्त्यांनी रक्कम फेडण्याच्या बोलीवर घेतला, आणि त्यातून आर्यभूषण छापखाना उभा राहिला. बुधवार पेठेतील मोरोबादादांच्या वाड्यात सामान हलविताना खिळ्यांच्या पेट्या आपण स्वतःच्या खांद्यावरून वाहिल्या, असे टिळक पुढे अभिमानाने सांगत, ही आठवण चरित्रकारांनी जपून ठेवली आहे. 2 जानेवारी 1881 रोजी 'मराठा' निघाला आणि 4 जानेवारीस 'केसरी'. पुढल्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले.

या हकिगतीत देशभक्तीचा भाग सर्वांना ठाऊक आहे. मला तिच्यातील व्यवहाराचा भाग अधिक मोलाचा वाटतो. हप्त्याने घेतलेले वापरलेले सामान म्हणजे डोक्यावर कर्ज आणि हाताशी झिजलेले खिळे. तरीही हा सौदा फळास आला. त्या मंडळींना यंत्राकडून काय करून घ्यावयाचे आहे हे नेमके माहीत होते. आठवड्याला ठराविक पाने, ठराविक दिवशी. एवढे काम जे यंत्र निमूटपणे करील, ते त्यांच्या दृष्टीने पुरेसे नवे होते. गणपत कृष्णाजींनी 1831 साली शिळाछापावर पंचांग काढले, तेव्हा मिशनचा छापखाना पाहून त्यांना आपले यंत्र आपणच घडवावे लागले होते. अर्धशतकानंतर विकत घेण्याजोगा जुना छापखाना पुण्यात मिळू शकत होता, हीदेखील एक प्रगतीच म्हणावयाची.

जुन्या यंत्राच्या सौद्याची दुसरी बाजू मुंबईजवळ कुर्ल्यास पाहावयास मिळते. जमशेटजी टाटांनी 1877 साली नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली होती. तेथेही आरंभी स्वस्तात आणलेली यंत्रे उणी ठरली आणि ती बदलावी लागली. हा अनुभव गाठीशी असताना त्यांनी 1886 साली कुर्ल्याची बंद पडलेली धरमसी मिल साडेबारा लाख रुपयांना घेतली. बांधणाऱ्याने तिच्यावर याहून कितीतरी अधिक खर्च केला होता, तेव्हा किंमत पाहणाऱ्यास हा सौदा मातीमोलाचा वाटला असेल. गिरणीचे नाव त्यांनी 'स्वदेशी' ठेविले. पण आतील यंत्रे इतकी जीर्ण निघाली की दुरुस्तीला अंत राहिला नाही. सूत वाईट निघू लागले, भागांचे भाव घसरले, आणि टाटांसारख्या माणसाची पतही डळमळू लागली. नागपूरची अनुभवी माणसे आणून, जुनी यंत्रे मोडीत काढून आणि स्वतःचा पैसा ओतून त्यांनी ती गिरणी सावरली; पण त्यास वर्षे लागली. साडेबारा लाख ही त्या गिरणीची किंमत नव्हती, तो केवळ पहिला हप्ता होता. ही गोष्ट टाटांना सोसली. चार माणसांचा पेट्यांचा कारखाना काढणाऱ्यास ती सोसणार नाही.

चित्रांच्या छपाईतही असाच एक सौदा घडला. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. यंत्रे जर्मनीहून आणली, कारागीरही तिकडून बोलाविले. प्लेगच्या दिवसांत कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. चित्रे घरोघर पोहोचली, परंतु हिशेब जुळेना. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो सारा कारखाना तेथेच काम करणाऱ्या फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. येथे विकत घेणारा माणूस त्या यंत्रांजवळ वावरलेला होता. कोणते चाक कधी कुरकुरते हे त्याला कागद न वाचता कळत होते. कलावंताच्या हाती तोट्यात गेलेली तीच यंत्रे त्याने पुढे चालवून दाखविली. पुण्यास खरेदीदाराला आपले काम ठाऊक होते, मळवलीस खरेदीदाराला यंत्र ठाऊक होते. कुर्ल्यास मात्र किंमत तेवढी ठाऊक होती, असे म्हटले तर टाटांवर थोडा अन्याय होईल, पण फार नव्हे.

आता पेटीकडे येऊ, आणि त्यासाठी क्षणभर अमेरिकेत जावे लागेल. न्यूयॉर्कलगतच्या ब्रुकलिन येथे रॉबर्ट गेअर नावाचा स्कॉटलंडहून आलेला गृहस्थ कागदी पिशव्यांचा धंदा करीत असे. 1879 साली त्याच्या कारखान्यात बियाण्याच्या पिशव्या छापल्या जात होत्या. घडी पाडण्यासाठी बसविलेली धातूची एक पट्टी जागची सरकून वर आली, आणि रेषा उमटण्याऐवजी पिशव्याच कापल्या गेल्या. दुसरा कोणी असता तर त्याने कामगाराला दोन शब्द सुनावून पट्टी खाली ठोकली असती. गेअरच्या लक्षात असे आले की, एक पट्टी उंच आणि दुसरी किंचित ठेंगणी ठेवली तर कापणे आणि घडी पाडणे ही दोन्ही कामे एका दाबात होतील. तोवर पुठ्ठ्याच्या पेट्या निरनिराळ्या टप्प्यांनी आणि बऱ्याचशा हातानेच कापाव्या लागत. गेअरने नवे यंत्र घडवीत न बसता छपाईचेच एक जुने यंत्र घेतले, त्यात खिळ्यांच्या जागी पट्ट्या बसविल्या, आणि पेट्या कापू लागला. पुढे 1898 साली स्थापन झालेल्या नॅशनल बिस्किट कंपनीने आपली बिस्किटे मेणकागद लावलेल्या अशा पेटीतून विकावयास काढली, आणि वाण्याच्या पिंपातून तोलून माल घेण्याचे दिवस तेथे मावळू लागले.

छपाईच्या यंत्राशी असलेले हे नाते पेटी कापणाऱ्या यंत्राच्या अंगावर आजही वाचता येते. इंग्रजी मापाचा खिळा उभा केला तर त्याची उंची सुमारे 23.3 मिलिमीटर भरते. पुठ्ठा कापणाऱ्या पट्टीची रूढ उंची 23.8 मिलिमीटर आहे. म्हणजे खिळ्याहून केवळ अर्धा मिलिमीटर अधिक. खिळ्याचे टोक कागदाच्या पृष्ठभागावर थांबावयाचे असते, पट्टीला पुठ्ठ्याच्या पार जावयाचे असते; तेवढाच हा फरक. घडी पाडणारी पट्टी पुठ्ठ्याच्या जाडीप्रमाणे थोडी आखूड ठेवतात. शिशाचे खिळे बहुतेक छापखान्यांतून गेले, पण त्यांची उंची पेट्यांच्या कारखान्यात मागे राहिली.

जुन्या छापखान्यात ज्यांनी काम केले असेल त्यांना ट्रेडल आठवत असेल. पायाने किंवा पट्ट्याने फिरणारे मोठे चाक, एका बाजूस उभा जुळविलेला फर्मा, दुसऱ्या बाजूस कागद ठेवण्याचा पत्रा. दोन्ही शिंपल्यासारखे मिटत आणि उघडत. लग्नपत्रिका, पावत्या, हस्तपत्रके यांचे सारे जग त्या शिंपल्यातून बाहेर पडले. जर्मनीत हायडेलबर्गच्या कारखान्याने याच जातीचे, पण कागद आपोआप उचलणारे यंत्र बनविले. 1914 साली लाइपझिगच्या प्रदर्शनात त्याचे आरंभीचे रूप लोकांपुढे आले. त्याचे दोन हात पवनचक्कीसारखे फिरत, म्हणून त्याला तसेच नाव पडले. पुढे ऑफसेट छपाई आली. खिळे, खिळे जुळविणारे जुळारी आणि खिळ्यांची यंत्रे ही तिन्ही एकदमच अनावश्यक ठरली. हायडेलबर्गने 1985 साली त्या यंत्राचे उत्पादन थांबविले.

तथापि जुळाऱ्याला जे भाग्य लाभले नाही ते यंत्राला लाभले. त्याचे शाईचे रूळ काढले, दाबाच्या पाटावर पोलादी पत्रा चढविला, फर्म्याच्या जागी डाय बसविली, की छपाईचे यंत्र पेटीचे यंत्र होते. गेअरने केले तेच शंभर वर्षांनी गावोगावच्या छापखान्यांनी केले, आणि बहुतेकांनी त्याचे नावही ऐकले नव्हते. स्वित्झर्लंडच्या बोब्स्ट कंपनीने 1940 साली पुठ्ठा आपोआप ओढून कापणारे मोठे यंत्र काढले होते. तशा जातीची यंत्रे मोठ्या कारखान्यांत गेली. अमृतसरकडील कारखाने हाताने पुठ्ठा घालावयाची साधी यंत्रे बनवितात. या दोहोंच्या मधली जागा जुन्या यंत्रांनी भरली. परदेशातील जुनी यंत्रे आणण्यावर आपल्याकडे दीर्घकाळ बंधने होती. 2004 च्या व्यापार धोरणाने जुन्या यंत्रसामग्रीवरील वयाची अट काढून टाकली, आणि तेव्हापासून ही बाजारपेठ आणखी रुंद झाली.

रायपूरला छापखान्याची परंपरा नाही असे कोणी समजू नये. माधवराव सप्रे हे मराठी मातृभाषेचे गृहस्थ. त्यांनी जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. रामराव चिंचोलकर त्यांचे सहसंपादक, आणि वामनराव लाखे प्रकाशनाचा भार वाहणारे. मासिक निघे पेंड्र्यास, पण छापले जाई रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये. पुढे ते नागपूरच्या देशसेवक प्रेसमध्ये छापून घेऊ लागले. तीन वर्षे चालून ते 1902 च्या अखेरीस थांबले. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणाऱ्या या माणसापाशी स्वतःचा छापखाना नव्हता, दुसऱ्याच्या यंत्रावर त्याला विसंबावे लागले. यंत्र आपले असणे आणि नसणे यांत काय अंतर आहे, हे सप्रे यांच्या त्या तीन वर्षांवरून रायपूरकरांना इतर कोणाहून अधिक चांगले कळावे.

म्हणून आज पंडरीच्या बाजाराला साड्यांच्या पेट्या पुरवू पाहणारा तरुण जुने यंत्र पाहावयास निघाला तर त्याला हसू नये. फक्त तो काय पाहतो ते पाहावे. बहुतेक जण प्रथम रंग पाहतात. ताजा रंग ही जुन्या यंत्रात शंका घेण्याची जागा आहे. बिडाच्या सांगाड्याला तडा गेला असेल आणि तो डागून वर रंग दिला असेल, तर छपाईच्या हलक्या दाबाला तो कदाचित टिकेल. पोलादी पट्ट्यांनी पुठ्ठा कापण्याच्या दाबाखाली तो टिकेलच असे नाही. छपाईसाठी घडविलेल्या यंत्राकडून आपण त्याच्या स्वभावाहून जड काम मागत असतो, ही गोष्ट विकणारा सांगत नाही.

दुसरी परीक्षा चार कोपऱ्यांची. पाटाच्या चारही कोपऱ्यांत पातळ कागदाच्या पट्ट्या ठेवाव्यात, यंत्र हाताने फिरवून मिटवावे, आणि प्रत्येक पट्टी ओढून पाहावी. चारही सारख्याच घट्ट धरल्या गेल्या तर पाट सरळ आहे. एक सैल निघाली तर त्या बाजूची बेअरिंगे किंवा पाट ओढणारे हात झिजले आहेत असे समजावे. मग कारागीर त्या कोपऱ्याखाली कागदाची ठिगळे लावून काम भागवितो. पहिल्या महिन्यात एक ठिगळ, वर्षाअखेरीस पाच. पेट्या कोठे कापल्या जातात, कोठे नुसत्याच चेपतात, पट्ट्यांची धार लवकर मरते, आणि साडीचा व्यापारी दुसरीकडे जातो. चाक मोकळे फिरवून दाखविणे याला काही अर्थ नाही. मोकळे चाक कोणाचेही गोड फिरते. आपला पुठ्ठा, आपली डाय न्यावी, आणि यंत्र दमेपर्यंत चालवून घ्यावे.

तिसरी गोष्ट पैशाची नाही. शिंपल्यासारखे मिटणारे यंत्र कागद आणि हात यांत भेद करीत नाही. छापखान्यात ट्रेडलवर बोटे गेलेली माणसे असत, आणि तेथे समोर शिशाचे खिळे होते. येथे धारदार पोलाद आहे. 1948 च्या कारखाने कायद्याने यंत्रांच्या धोक्याच्या भागांना आडोसा करणे बंधनकारक केले होते. त्याच कायद्याच्या 26 व्या कलमात एक लक्षणीय तरतूद होती. विजेवर चालणाऱ्या यंत्राची फिरती चक्रे आणि दाते झाकलेले नसतील, आणि ते कारखान्यात वापरावयास कोणी विकले किंवा भाड्याने दिले, तर विकणारा आणि मध्यस्थ दलाल दोघेही शिक्षेस पात्र होते. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. जुन्या यंत्राच्या सौद्यात विकणाऱ्याचीही काही जबाबदारी असते, हे आपल्या कायदेमंडळाने इतक्या आधी ओळखले होते. पण हा कायदा लागू होई तो वीज वापरणाऱ्या आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना. चार माणसांची पेट्यांची खोली त्याच्या उंबरठ्याबाहेरच राहिली. 2020 साली संसदेने त्या कायद्याची जागा घेणारी नवी संहिता संमत केली, आणि तीत विजेवरील कारखान्यासाठी कामगारांची संख्या दहावरून वीसवर नेली. उंबरठा उंच झाला.

तेव्हा अशा खोलीत त्या हाताचा रखवालदार एकच, यंत्र विकत घेणारा. पुष्कळ जुन्या यंत्रांत मूळचा आडोसा कधीच काढून टाकलेला असतो, कारण त्यामुळे काम मंदावते अशी समजूत. ज्या दांड्याने ऐन वेळी दाब टाळता येतो तो गंजून अडकलेला असतो, आणि त्याची दुरुस्ती सौद्याच्या किमतीत कोणी धरीत नाही. ती धरावी. नवा आडोसा, चालता दांडा आणि तत्काळ थांबविणारी कळ यांचा खर्च आधी वजा करावा आणि उरलेल्या रकमेवर भाव करावा. मागील मालकाच्या माणसाला यंत्र चालवून दाखवावयास सांगावे. पेट्या कशा पडतात ते सोबत्याने पाहावे, आणि आपण त्या माणसाच्या उजव्या हाताकडे पाहावे. वाकडा बसलेला पुठ्ठा सरळ करण्यासाठी तो हात मिटत्या यंत्रात किती आत जातो, आणि दाब टाळण्याचा दांडा डाव्या हाताला सहज लागतो की नाही.